प्रकल्प नोंदी : इनबॉक्सला रंग लावणे (जून ते ऑगस्ट २०२४)

२४ जून, सोमवार

काम असं: आधी कुठल्या मेलला हात घालायचा हे मेल न उघडता कळलं पाहिजे. हत्यार क्लासिक आउटलूकमधलं (मायक्रोसॉफ्टचा जुना मेल प्रोग्रॅम) कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अट जुळली की यादीतल्या मेलचं अक्षर आपोआप वेगळं दाखवणारी सोय. नवीन सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही, हे साहेबांनी आधीच सांगून टाकलंय.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. आमचं सीए ऑफिस इचलकरंजीत. पार्ट्या बहुतेक सूत व्यापारी, सायझिंगवाले, यंत्रमागवाले. यंदा तीन गोष्टी एकदम अंगावर आल्यात. ३१ जुलैची आयकर रिटर्न तर दरवर्षीचीच. जीएसटीच्या २०१९-२० सालच्या कलम ७३ खालच्या (कमी भरलेल्या कराच्या) ऑर्डर खात्याला ३१ ऑगस्टपर्यंत काढायच्या आहेत, म्हणजे त्यांची उत्तरं आणि सुनावण्या सगळ्या याच दोन महिन्यांत. त्यात परवा शनिवारी जीएसटी कौन्सिलने व्याज आणि दंड माफ करण्याची शिफारस केली, तेव्हापासून "साहेब, आता भरायचं का थांबायचं?" हा मेल प्रत्येकाकडून. आणि तिसरं आयकराचं कलम ४३बी(एच). सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे १५ दिवसांत, लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी धरता येतो. २०२३-२४ पासून लागू, त्यामुळे याच रिटर्नांत पहिल्यांदा भिडतोय. सुताचा बाजार चालतो उधारीवर. आता जो तो दुसऱ्याचं उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योग असल्याचा सरकारी दाखला) मागतोय आणि आम्हाला सीसीत ठेवतोय.

परिणाम: नोटिशीचा मेल "गुड मॉर्निंग सर, पीएफए" (म्हणजे सोबत फाइल जोडलीय) अशा पंचवीस मेलांच्या मध्ये दबून बसतो. सगळ्यांचा चेहरा सारखाच.

२५ जून, मंगळवार

जागा शोधली. व्ह्यू टॅब, त्यात व्ह्यू सेटिंग्ज, त्यात कंडिशनल फॉरमॅटिंगचं बटण. साहेब म्हणाले, "हे पूर्वी टूल्समध्ये ऑर्गनाइझ म्हणून होतं, त्यात रंगाचा पर्याय होता." बरोबर आहे. २००७ च्या आउटलूकपर्यंत ते तिथे होतं आणि व्ह्यूमध्ये त्याला ऑटोमॅटिक फॉरमॅटिंग म्हणत. २०१० पासून आताचं नाव.

प्रत्येक नियमाचे तीन भाग: नाव, फॉन्ट आणि कंडिशन. न वाचलेले मेल, मुदत संपलेले मेल वगैरे आउटलूकचे स्वतःचे नियम यादीत आधीपासून असतात. त्यांचा फॉन्ट बदलता येतो, टिक काढता येते, पण ते डिलीट होत नाहीत.

मर्यादा लगेच कळली. रंग फक्त अक्षरांना लागतो, ओळीच्या मागची पट्टी रंगत नाही. साहेबांना एक्सेलसारखी पिवळी पट्टी हवी होती, ती मिळणार नाही. रंगही सोळाच. त्यातले पिवळा, लाइम आणि अ‍ॅक्वा पांढऱ्यावर वाचवत नाहीत, म्हणजे ते बाद. उरलेल्यांत मरून आणि लाल, नेव्ही आणि निळा हे लांबून जुळे भाऊच. ठळक, तिरपं, अधोरेखित आणि मधून काट मारलेलं अक्षर मात्र करता येतं. हे पुढे उपयोगी पडेल असं वाटतंय.

२६ जून, बुधवार

पहिला नियम: आयकर आणि जीएसटी खात्याच्या डोमेनवरून (पत्त्यातला @ नंतरचा भाग) आलेलं सगळं लाल. कंडिशनच्या खिडकीत मेसेजेस टॅबवर फ्रॉमची चौकट आहे, तिथे डोमेन टाकलं.

ओके दाबलं आणि अर्धा इनबॉक्स लाल.

कारण साधं आहे. पोर्टलवर लॉगिन केलं की ओटीपी त्याच पत्त्यावरून येतो. रिटर्न भरलं की पोचपावती त्याच पत्त्यावरून. पासवर्ड बदलला, त्याचाही मेल तिथूनच. जूनअखेरीस आर्टिकल पोरं (सीएच्या हाताखाली शिकणारी) दिवसभर लॉगिन करत असतात, त्यामुळे लाल ओळींत नोटीस शोधायला पुन्हा डोळे ताणायचेच. कोण पाठवतंय यावर रंग ठरवून भागत नाही. या मेलमुळे कुणाला खुर्चीतून उठावं लागणार आहे का, त्यावर ठरवायला हवा.

२८ जून, शुक्रवार

आज बऱ्यापैकी मार्गी लागलं. दोन गोष्टी कळल्या, त्या नीट लिहितो, कारण मदतीच्या पानांवर या फारशा कुणी सांगत नाही.

पहिली, क्रम. एकाच मेलला आपले दोन नियम लागू होत असतील तर यादीत वर असेल तो जिंकतो. मूव्ह अप, मूव्ह डाउन ही बटणं त्यासाठीच आहेत. म्हणून "ओटीपी आणि पोचपावत्या" असा नियम सगळ्यांत वर ठेवला, रंग सिल्व्हर. ते मेल फिकट होऊन मागे गेले. त्याच्या खाली लाल नियम. आता ओटीपी कितीही येऊ देत, लालपर्यंत पोचत नाहीत.

दुसरी, "आणि" की "किंवा". अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर एकच फील्ड पुन्हापुन्हा घेतलं, उदाहरणार्थ सब्जेक्ट कंटेन्स नोटीस, सब्जेक्ट कंटेन्स एएसएमटी, सब्जेक्ट कंटेन्स डीआरसी, तर त्यांच्यात "किंवा" धरलं जातं. वेगवेगळी फील्डं घेतली की "आणि". टॅब वेगळा असला तरीही "आणि". म्हणजे मेसेजेस टॅबवर खात्याचं डोमेन आणि अ‍ॅडव्हान्स्डवर हे शब्द: खात्याकडून आलेलं आणि विषयात यातला निदान एक शब्द असलेलं. नेमकं हेच हवं होतं.

शब्दांची यादी ऑफिसातल्या मॅडमनी करून दिली. जीएसटीकडून छाननीची एएसएमटी-१०, कारणे दाखवाची डीआरसी-०१. आयकराकडून माहिती मागवणारी १४२(१), १३९(९) सदोष रिटर्नची, १४३(१)(ए) तफावतीची. १३९(९) ला पंधराच दिवस मिळतात, म्हणून तिला लाल आणि वर ठळक. बाकीच्या साध्या लाल.

मॅडमनी एक बजावलं, ते बरोबरच आहे: जीएसटीच्या पोर्टलवर नोटीस कधीकधी "अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स" या आडबाजूच्या टॅबमध्ये पडते. इनबॉक्स कितीही रंगवला तरी आठवड्यातून एकदा पोर्टल उघडून बघणं सोडायचं नाही.

१ जुलै, सोमवार

सीए दिन, शिवाय जीएसटी दिन. सकाळपासून शुभेच्छा, फुलं, दिवे, संस्थांचे बॅनर. मोठ्या चित्रांचे मेल. मोअर चॉइसेस टॅबवर साइझची अट आहे, किलोबाइटमध्ये. ५००० पेक्षा जास्त असेल तर तिरपं, एवढं करून ठेवलं. शुभेच्छांसाठी नाही, पार्ट्यांची स्कॅन केलेली बँक स्टेटमेंट याच मापात येतात, आणि ती छापायला पेपर भरलेला लागतो.

३ जुलै, बुधवार

साहेबांच्या स्वतःच्या मेलबॉक्सवर बसलो. त्यांची अडचण वेगळी. त्यांना खात्याची नोटीस शोधायची नसते, ती आम्ही नेऊन देतोच. त्यांना हवंय ते हे: यातलं माझ्याकडूनच उत्तर अपेक्षित आहे ते कुठलं?

यासाठी तयार अट आहे. मेसेजेस टॅबवर "व्हेअर आय अ‍ॅम" असा टिकचा चौकोन, आणि पुढे तीन पर्याय: टू मध्ये एकटा मी, टू मध्ये इतरांबरोबर मी, सीसीमध्ये इतरांबरोबर मी. एकटा असेन तर निळा. सीसीत असेन तर करडा. मधल्याला काहीच नाही.

दहा मिनिटांचं काम. पण एवढ्या सगळ्यात साहेबांना सर्वांत आवडलं ते हेच. ४३बी(एच) वाला सगळा सीसीचा पसारा करडा पडला आणि निळ्या ओळी वर उठून आल्या. "हे आधी का नाही केलं?" हे वाक्य ऑफिसात कुठल्याही कामावर ऐकायला मिळतं, म्हणून मनाला लावून घेतलं नाही.

एक अडचण राहिली. ऑफिसच्या ग्रुप आयडीवर आलेल्या मेलमध्ये टू च्या जागी ग्रुपचं नाव असतं, साहेबांचं नव्हे. आउटलूकच्या दृष्टीने तिथे "मी" नाहीच. असे मेल काळेच राहतात. त्यासाठी सेंट टू च्या चौकटीत ग्रुपचा पत्ता टाकून वेगळा नियम केला, टील रंगाचा.

८ जुलै, सोमवार

शिळ्या मेलांचा प्रश्न. काल आलेला आणि अजून कुणी उघडला नाही असा मेल दिसायला हवा. वेळेच्या अटीत "यस्टरडे" आहे, मोअर चॉइसेसमध्ये "अनरेड" आहे, दोन्ही जोडले. आज सोमवार. यस्टरडे म्हणजे रविवार. शुक्रवारचे, शनिवारचे न उघडलेले मेल नियमातून सटकले. शनिवारी तर आमचं ऑफिस चालू असतं.

उलटा विचार केला. "आज आलेले" असा एक साधा काळा नियम लालच्या खाली ठेवला. त्याच्याही खाली "न वाचलेले" असा नियम, मरून आणि अधोरेखित. आजचे मेल वरच्या नियमात अडकतात. खाली गळून येतात ते आजचे नसलेले आणि न उघडलेले, मग वार कुठलाही असो. "आज नाही" अशी अट थेट कुठे लिहावी लागली नाही, क्रमानेच ते काम केलं.

यात एक गंमत आहे. मेल उघडला की मरून रंग त्या क्षणी जातो. उद्या पुन्हा "अनरेड" केला तर परत येतो. मेलवर काहीच लिहिलेलं नसतं. आउटलूक यादी दाखवताना दर वेळी अट नव्याने तपासतं. म्हणून वेळ, वाचलं-न वाचलं, मी एकटा की सगळे, अशा आपोआप बदलणाऱ्या गोष्टींना हे हत्यार चपखल बसतं.

११ जुलै, गुरुवार

जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) भरायची तारीख, त्यामुळे दिवस त्यातच. संध्याकाळी आर्टिकल्सच्या मशीनवर नियम बसवायला घेतले.

एका आर्टिकलला लाल-हिरवा फरक कळत नाही. त्याने स्वतःच सांगितलं, तेही सहज, "मला ते दोन्ही मातकट दिसतात." उत्तर पाठवलं की हिरवा, असं ठरवलेलं मी रद्द केलं. आता एकाही नियमाचा अर्थ नुसत्या रंगावर टांगलेला नाही: मुदतीची नोटीस लाल असतेच, पण ठळकही असते. शिळा मेल अधोरेखित. उत्तर गेलेल्या मेलला फ्लॅग लावून "मार्क कम्प्लीट" करायचं. "मार्क्ड कम्प्लीटेड" ही अट मोअर चॉइसेसमध्ये आहेच, त्यावर करडा रंग आणि अक्षरांवर काट. काट मारलेल्या ओळी बघायला सगळ्यांनाच बरं वाटतंय. साहेबांची पिढी लेजरवर रंगीत पेन्सिलीने टिक मारत वाढली, त्यांना तर फारच.

दुसऱ्या एकीने आउटलूकची थीम काळी ठेवलीय. तिच्याकडे मरून आणि नेव्ही वाचवत नाहीत. तिथे फ्युशिया घातला. दिसायला भडक आहे, पण तक्रार नाही.

१५ जुलै, सोमवार

फ्रंट डेस्कच्या मशीनवर आउटलूक अडकत होतं, म्हणून शनिवारी दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्याने आउटलूक "क्लीनव्ह्यूज" स्विच लावून सुरू केलं. अडकणं थांबलं. आणि सगळे नियम गायब.

हा स्विच सगळे व्ह्यू मूळ स्थितीला नेतो. कंडिशनल फॉरमॅटिंग व्ह्यूचाच भाग असल्याने तेही त्याबरोबर जातं. चेंज व्ह्यूजवळचं "रिसेट व्ह्यू" बटणही त्या फोल्डरपुरतं हेच करतं, आणि ते बटण अगदी हाताशी आहे. नियम एक्स्पोर्ट करून ठेवायची सोय नाही. मेल सरकवणाऱ्या दुसऱ्या नियमांची फाइल काढता येते, यांची नाही.

सुदैवाने आर्टिकल्ससाठी मी सगळे नियम एका कागदावर क्रमाने लिहिलेले होते: नाव, अट, फॉन्ट. त्यावरून पुन्हा बसवले. आता तो कागद लॅमिनेट करून डेस्कच्या काचेखाली. शिवाय हा व्ह्यू "ऑल मेल अँड पोस्ट फोल्डर्स"साठी "रंगीत" या नावाने सेव्ह केला, आणि "अप्लाय करंट व्ह्यू टू अदर मेल फोल्डर्स" वापरून पार्ट्यांच्या उपफोल्डरांनाही लावला. नाहीतर मेल इनबॉक्समधून फोल्डरात सरकवला की रंग उडतो, आणि लोकांना वाटतं मेलच बदलला.

१९ जुलै, शुक्रवार

दुपारी जगभर विंडोजची मशीन बंद पडून निळे पडदे आल्याची बातमी. आमची मशीन शाबूत. आमच्याकडे वेगळंच नाटक.

फ्रंट डेस्कवरून हाक, "लाल आलंय, रिफंडची नोटीस!" विषयात आयकराचं नाव, रिफंड मंजूर, खात्याची पडताळणी करा, खाली लिंक. पत्ता भलत्याच डोमेनचा. पण पाठवणाऱ्याच्या दर्शनी नावात खात्याचं डोमेन जसंच्या तसं लिहिलेलं. फ्रॉमची चौकट नाव आणि पत्ता या दोन्हींत शोधते, त्यामुळे नियमाने तो मेल इमानेइतबारे लाल केला.

हे गंभीर आहे. काळ्या ओळीत आला असता तर तो मेल डेस्कवरच्या मुलीने संशयाने पाहिला असता. लाल झाल्यामुळे तो आमच्याच ऑफिसने तपासून दिल्यासारखा दिसला. रंग लक्ष वेधतो, खरेपणा तपासत नाही, आणि बघणारा या दोन्हींत गल्लत करतो.

उपाय दोन. नियमाचं नाव "नोटीस" होतं, ते बदलून "नोटीस असू शकते" केलं. नाव यादीत दिसत नाही हे माहीत आहे, पण काचेखालच्या कागदावर दिसतं. आणि सगळ्यांना लिखित सूचना: मेलमधली लिंक दाबायची नाही. आयकराच्या पत्रावर डीआयएन (पत्राचा ओळख क्रमांक) असतो, १ ऑक्टोबर २०१९ पासून तो बंधनकारक आहे. तो ई-फायलिंग पोर्टलवर स्वतः जाऊन तपासायचा. जीएसटीचं पत्र असेल तर पोर्टलवर लॉगिन करून तिथेच बघायचं.

२३ जुलै, मंगळवार

बजेट. इनबॉक्सकडे कुणी पाहिलं नाही. दुपारनंतर कॅपिटल गेनवरच्या नव्या साडेबारा टक्के करावर मेलांचा पाऊस, सगळे टू मध्ये एकटे साहेब, म्हणून सगळे निळे. निळ्याची किंमत एका दिवसासाठी शून्य. नियम बदलला नाही. अशा दिवशी कुठलाच नियम टिकत नाही.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडलीय. नदीकाठच्या भागातली पोरं ऑफिसला येऊ शकत नाहीत, घरून ब्राउझरवर मेल बघतायत. पहिला फोन अर्ध्या तासात: "दादा, रंग कुठायत?"

नाहीतच. नियम क्लासिक आउटलूकच्या व्ह्यूमध्ये आहेत, मेलमध्ये नाहीत. ब्राउझरवर, मोबाइलवर ते पोचत नाहीत. ३१ तारीख पाच दिवसांवर, आणि निम्मं ऑफिस काळं-पांढरं बघतंय.

म्हणून आज कॅटेगरी आणल्या. कॅटेगरी मेललाच चिकटते, त्यामुळे तोच मेलबॉक्स ब्राउझरवर उघडला तरी दिसते. तिचे रंग पंचवीस आहेत, आणि तिथे रंगीत पट्टीही मिळते. पण ती कुणीतरी लावावी लागते. फ्रंट डेस्कने नोटीस खरी आहे हे पोर्टलवर पाहायचं, मग "नोटीस – मॅडम" किंवा "नोटीस – साहेब" अशी कॅटेगरी लावायची. घरी बसलेल्याला ती दिसते.

आणि दोन्हींची सांगड बसते. मोअर चॉइसेस टॅबवर कॅटेगरीचीही अट आहे. मग क्लासिकमध्ये लाल-ठळक नियम शब्दांवरून काढून कॅटेगरीवर बसवला. शब्दांवर चालणारा जुना नियम त्याच्या खाली, जांभळा: "संशयित, तपासा". म्हणजे नियमाने नुसतं बोट दाखवायचं आणि लाल करायचं काम माणसाचं. १९ तारखेचा मेल आज आला असता तर जांभळ्याच्या पुढे गेला नसता.

३१ जुलै, बुधवार

मुदत वाढली नाही. रात्री उशिरापर्यंत रिटर्न. नोंद करण्यासारखं एकच: १३९(९) ची एक नोटीस सकाळी जांभळी आली, पोर्टलवर तपासून अकराच्या आत लाल झाली, दुपारी मॅडमच्या टेबलावर होती. एरवी ती आजच्या गर्दीत ५ ऑगस्टला सापडली असती.

२ ऑगस्ट, शुक्रवार

कालपासून मायक्रोसॉफ्टने नवीन आउटलूक ऑफिसांसाठी रीतसर खुलं केलंय. वरच्या कोपऱ्यात "ट्राय द न्यू आउटलूक"ची कळ आहे, आणि एका आर्टिकलने ती सरकवलीच. "रंगीत" व्ह्यू तिथे नाही. कंडिशनल फॉरमॅटिंग आहे, सेटिंग्जमध्ये मेलखाली, पण नियम कोऱ्या पाटीवर पुन्हा लिहावे लागतात. कळ परत सरकवली, क्लासिक जसंच्या तसं आलं.

क्लासिकला निदान २०२९ पर्यंत आधार राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. त्यामुळे घाई नाही. ३० सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटपर्यंत कुणीही कळ सरकवायची नाही, असं ठरलं. कॅटेगरी नवीनमध्येही दिसतात हे पाहून घेतलंय.

बाकी राहिलेलं: मॅडमच्या मशीनवर अजून जुने शब्दांचे नियम आहेत, सोमवारी बदलायचे. काचेखालच्या कागदाची दुसरी आवृत्ती छापायची, त्यात जांभळा वाढवायचा. ऑडिटच्या पार्ट्यांसाठी "३सीडी" (टॅक्स ऑडिटचा फॉर्म) ही कॅटेगरी हवी का, हे साहेबांना विचारायचं. ते हो म्हणतील, पण आठ कॅटेगरींच्या वर जाऊ द्यायचं नाही.